एका समईचा उजेड : कोल्हापूर, खिद्रापूर, जेजुरी आणि कार्ले

पुणे जिल्ह्यातील एका गावाच्या जुन्या शिवमंदिरात प्रकाशयोजना करून देण्याचे काम दिवाळीनंतर माझ्याकडे आले. मंदिर काळ्या दगडाचे आहे, दगडावर दगड चुन्याशिवाय बसवलेला आहे आणि गाभारा इतका काळोखा आहे की दुपारीही नंदादीपाखेरीज आत काही दिसत नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढून पैसे उभे केले होते आणि मंदिर ‘उजळून निघावे’ अशी त्यांची मनापासूनची इच्छा होती. माझा पहिला आराखडा चौसष्ट दिव्यांचा झाला. कागदावर तो नेटका दिसत होता. पण यातला प्रत्येक दिवा तिथेच का, असे स्वतःला विचारल्यावर निम्म्याहून अधिक दिव्यांना माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्यांनी ही मंदिरे बांधली त्यांनी दगडात उजेड कसा आणला आणि कुठे मुद्दाम आणला नाही, हे पाहिल्याशिवाय आराखड्याला पुन्हा हात लावायचा नाही असे ठरवले. अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस धरून प्रवासाची आखणी केली आणि बरोबर आमच्या जुन्या वायरमन काकांना घेतले. मंदिरांतील वायरिंगचा त्यांचा अनुभव माझ्या शिक्षणापेक्षा मोठा आहे.

पहिला दिवस, ३१ जानेवारी : कोल्हापूर

दुपारी चारच्या आधीच आम्ही महाद्वारापाशी पोहोचलो. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे आणि वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरून थेट गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर किरणे येतात, अशी परंपरागत धारणा आहे. या दोन तारखांमागचे गणित सोपे आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो. कोल्हापुरात ती जागा खऱ्या पश्चिमेपासून साधारण अठरा अंश दक्षिणेकडे येते. ज्याने दारांची रांग आखली त्याने ही जागा हेरून ठेवली होती.

मंदिरातले विजेचे दिवे मालवले तेव्हा गर्दीतून एक हलका हुंकार उमटला. दिवे असताना मला जे मंदिर दिसत होते ते खांबांचे, कठड्यांचे आणि माणसांचे होते. दिवे गेल्यावर फक्त दारे उरली, एकामागे एक, आणि त्यांच्या चौकटींतून आत येणारा एक तांबूस पट्टा. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरठा असे टप्पे घेत तो पुढे सरकत होता. सूर्य क्षितिजाकडे झुकू लागला की किरणे आडवी होतात, त्यामुळे सूर्य उतरत जातो आणि उजेड मात्र चढत जातो : आधी जमिनीवरून आत, मग चरणांवर, मग वर. हे कागदावर मला आधीपासून माहीत होते, पण डोळ्यांसमोर घडताना पाहणे निराळे असते. चरणांवर किरणे आली तेव्हा अंबाबाईचा गजर झाला. त्यानंतर किरणे थोडी वर चढली आणि पश्चिमेच्या धुरकटीत विरघळून गेली. सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराचा. सगळा सोहळा जेमतेम काही मिनिटांचा.

ढग, हवेतली धूळ आणि बाष्प यांच्यामुळे किरणे कधी अडतात, तशी ती वाटेतल्या उंच बांधकामांमुळेही अडतात. हे मला फार महत्त्वाचे वाटते. मंदिराची प्रकाशयोजना मंदिराच्या भिंतींपाशी संपत नाही. समोरच्या रस्त्यावरच्या इमारतीचा एक जादा मजला, एखादा जाहिरातीचा फलक, आडव्या गेलेल्या तारा हे सगळे त्या योजनेत ढवळाढवळ करतात. शतकांपूर्वी साधलेली रेघ मोकळी ठेवणे हे आजच्या पिढीचे काम आहे आणि त्यासाठी एकही दिवा विकत घ्यावा लागत नाही.

आरतीनंतर बाहेर येताना वायरमन काका म्हणाले, “मॅडम, एवढ्या माणसांनी दिवे बंद करून बघितलं आज. आपल्याला कुणी बंद करायचे पैसे देत नाही.”

दुसरा दिवस, १ फेब्रुवारी : कोल्हापूर

सकाळी महाद्वार रोडवर पितळी भांड्यांच्या एका दुकानातून वीतभर उंचीची समई घेतली. ती पूजेसाठी नव्हती, मापासाठी होती. मेणबत्तीच्या एका ज्योतीचा उजेड एक मीटर अंतरावर साधारण एक लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) भरतो, आणि समईची एक वात जवळपास तितकेच देते. भर दुपारच्या उघड्या उन्हात हाच आकडा एक लाखापर्यंत जातो, तर पौर्णिमेच्या चांदण्यात तो एकाच्याही बराच खाली असतो. जुन्या गाभाऱ्यांचे सगळे कोरीवकाम, मूर्तीच्या अंगावरचे दागिने, मुखावरचे डोळे हे या एकदोन लक्सांच्या हिशेबाने घडवलेले आहेत. चांदीचे डोळे किंवा सोन्याचा मुखवटा एका वातीतही चमकतो, कारण तो उजेड साठवत नाही, परत फेकतो. काळा पाषाण मात्र आलेला बहुतेक उजेड गिळून टाकतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी तितका रंग पिवळसर-तांबूस. समईच्या ज्योतीचा रंग दोन हजार केल्विनच्या आसपासचा असतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पांढऱ्या एलईडीचा साडेसहा हजार असतो आणि त्याच्या शेजारी ज्योत मलूल, जवळजवळ आजारी दिसू लागते.

संध्याकाळी पुन्हा महाद्वार. आज गर्दी अधिक होती आणि मला आत फार पुढे जाता आले नाही. पण मागे उभे राहिल्यामुळे किरणांऐवजी माणसांचे चेहरे पाहता आले. सगळे एकाच दिशेला, सगळे तांबूस.

तिसरा दिवस, २ फेब्रुवारी : खिद्रापूर

कोल्हापूरहून नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत खिद्रापूर साठेक किलोमीटर पडते. कृष्णेच्या काठावरचे कोपेश्वराचे मंदिर शिलाहार राजांच्या काळात, बाराव्या शतकात उभे राहिले आणि पुढे यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा लेख तिथे कोरला गेला. अशा दानलेखांमध्ये नंदादीपाच्या तेलासाठी जमीन किंवा गाव तोडून दिल्याचे उल्लेख अनेक ठिकाणी येतात. त्या काळच्या दात्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : दिवा लावणे हा एकवेळचा खर्च नाही, तो रोजचा आहे. आज आपण दिवे बसवण्यासाठी देणगी गोळा करतो आणि दोन पावसाळ्यांनंतर अर्धे दिवे बंद पडतात, कारण ते पुसायला, बदलायला आणि बिल भरायला कुणाच्या नावाने काही ठेवलेले नसते. माझ्या अंदाजपत्रकात देखभालीची रक्कम शेवटच्या ओळीत असते. ती पहिल्या ओळीत असायला हवी.

मंदिराच्या पूर्वेकडे स्वर्गमंडप आहे. अठ्ठेचाळीस खांबांचा हा मंडप छताच्या मध्यभागी वर्तुळाकार मोकळा ठेवलेला आहे आणि त्या मोकळ्या वर्तुळाच्या बरोबर खाली तशीच एक गोल शिळा आहे. आम्ही सकाळी नऊला पोहोचलो तेव्हा उन्हाची तबकडी पश्चिमेच्या खांबांवर, म्हणजे सभामंडपाच्या दाराच्या बाजूला पडली होती. दिवसभर ती हलत राहिली. भर दुपारी फेब्रुवारीतला सूर्य दक्षिणेला कललेला असल्यामुळे ती शिळेच्या उत्तरेकडे सरकलेली होती, आणि चारनंतर पूर्वेकडे चढू लागली. मी दर अर्ध्या तासाने तिची जागा वहीत काढत होते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य इथे भर दुपारी डोक्यावर येतो. तेव्हा ती तबकडी शिळेवर नेमकी बसत असणार.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या गवाक्षाच्या माथ्यावर येतो, म्हणून हल्ली लोक इथे मुद्दाम जमतात. हेही गणितात बसणारे आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या जितका दक्षिणेला गेलेला असतो, जवळपास तितकेच खिद्रापूर उत्तरेला आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर, म्हणून तितकाच उत्तरेला असतो आणि मध्यरात्री माथ्याच्या आसपास येतो. वर्षागणिक काही अंशांचा फरक पडतो, पण गवाक्ष त्यासाठी पुरेसे मोठे आहे. ज्या रात्री गावोगावच्या दीपमाळा पेटतात त्याच रात्री या मंडपाला दिव्याची गरज उरत नाही.

मला अधिक शिकवले ते पुढच्या वाटेने. स्वर्गमंडपातून सभामंडपात, तिथून अंतराळात, म्हणजे गाभाऱ्याआधीच्या छोट्या दालनात, आणि मग गाभाऱ्यात जाताना उजेड पायरीपायरीने उतरत जातो. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची पहिली ओळख व्हायला पाचदहा मिनिटे लागतात आणि पुरती सवय व्हायला अर्धा तास. भाविक मंडपात थांबतो, हात जोडतो, खांबांवरची शिल्पे पाहत पुढे सरकतो, आणि या सावकाशीत त्याचे डोळे गाभाऱ्यासाठी तयार होत जातात. नंदादीपाची एक वात तिथे पुरते ती याच कारणाने. मधल्या सभामंडपात कुणी लख्ख ट्यूबलाइट लावली, तर ही साखळी तिथेच तुटते. मग गाभारा काळाठिक्कर दिसतो, म्हणून तिथे फोकस बसवावा लागतो, आणि फोकसच्या झोतात समई दिसेनाशी होते. एका चुकीच्या दिव्यापायी दहा दिवे लागतात ते असे.

गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर, म्हणजे शिव आणि विष्णू, दोघेही लिंगरूपात आहेत. समोर नंदी नाही. नंदी नसल्यामुळे दारापासून लिंगापर्यंतची नजर अडत नाही, हे मला आतून बाहेर पाहताना जाणवले.

हे सगळे वहीत उत्साहाने लिहीत असतानाच एक आजी नातवाचा हात धरून आल्या. उंबऱ्याशी त्यांनी पायाने चाचपडत जागा शोधली, तरीही तोल गेलाच. मी पुढे होऊन दंड धरला. त्या म्हणाल्या, “द्येव दिसतोय गं पोरी, पायरीच दिसत न्हाई.”

त्या वाक्याने मी दिवसभर रचत आणलेला विचार जागेवर आणला. अंधाराचे सौंदर्य मला दिसत होते, कारण माझे गुडघे धड आहेत. देवासाठी एक वात पुरेशी असेल, पण सत्तरीच्या डोळ्यांना विशीच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी अधिक उजेड लागतो, आणि जुन्या मंदिरांचे उंबरे उंच, पायऱ्या झिजलेल्या आणि अभिषेकाच्या पाण्याने ओल्या असतात. उजेड हवाच. तो पायांशी हवा, डोळ्यांत जाणारा नको. गाडीत बसल्यावर वहीचे नवे पान उघडून मी सर्वांत वर ‘उंबरा’ असे लिहिले.

चौथा दिवस, ३ फेब्रुवारी : जेजुरीच्या वाटेवर

परतीच्या रस्त्यावर एका जुन्या मंदिरापाशी चहासाठी थांबलो. नाव लिहीत नाही, कारण असे मंदिर दर तालुक्यात सापडेल. शिखरावर चारही बाजूंनी रंग बदलणारे फोकस, खांबांना गुंडाळलेल्या एलईडीच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या धरून ठेवण्यासाठी कोरीव दगडात ड्रिलने पाडलेली भोके. वायरमन काकांनी एका भोकावरून बोट फिरवले. लोखंडी स्क्रू गंजला होता, गंजून फुगला होता आणि भोवतालच्या दगडाचा पापुद्रा सुटला होता. एका शिल्पाच्या कोपराचा तुकडा तसाच गेला होता. दिव्याच्या शेजारच्या ओलसर भिंतीवर हिरवे शेवाळ चढले होते; सतत जळणाऱ्या दिव्यापाशी ओल असली की ते चढतेच. लोकांनी हे श्रद्धेने केलेले आहे, म्हणून त्यांच्यावर रागावता येत नाही. पण दगडातले भोक बुजत नाही, आणि दिवा पाच वर्षांत जुना होतो. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांमध्ये तरी कायदा आडवा येतो : स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण. गावोगावच्या शेकडो असंरक्षित मंदिरांच्या बाजूने उभा राहणारा कायदा जवळपास नाहीच.

जेजुरीला दुपारी पोहोचलो. गडाच्या पायऱ्यांवर भाविकांनी नवस फेडण्यासाठी बांधलेल्या दीपमाळा उभ्या आहेत, काही सरळसोट, काही पायाशी रुंद आणि वर निमुळत्या, आणि प्रत्येकीच्या अंगातून दिवे ठेवण्यासाठी दगडी हात बाहेर आलेले. गोव्यातल्या मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ मी पूर्वी पाहिला आहे. तिथे अंग पांढरे, अष्टकोनी आणि दिव्यांसाठी कोनाडे आहेत. घडण निराळी, पण समज एकच. दीपमाळ मंदिरावर उजेड पाडत नाही. ती स्वतः उजळते आणि मंदिर तिच्यामागे सावलीत उभे राहते. दूरच्या वाडीतल्या माणसाला आज उत्सव आहे एवढे कळते. शिखर रंगवून काढणाऱ्या फोकसाच्या आधी आपल्याकडे रात्रीचे मंदिर दाखवण्याची ही रीत होती, आणि ती अजून मोडीत निघालेली नाही. आमच्या गावच्या मंदिरासमोरही एक दीपमाळ आहे, तिचे तीन हात तुटलेले आहेत. शिखरावरचे बारा दिवे आराखड्यातून काढून त्यांचे पैसे हे हात पाथरवटाकडून नीट बसवून घेण्यासाठी वापरता येतील, असे मी काकांना सांगितले. तेलाच्या पणत्याच ठेवायच्या ना, एवढेच त्यांनी विचारले.

पाचवा दिवस, ४ फेब्रुवारी : कार्ले

एकवीरा आईच्या दर्शनाला आलेल्यांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही लेण्यात शिरलो. कार्ल्याचा चैत्य, म्हणजे डोंगरात कोरलेले बौद्ध प्रार्थनागृह, पश्चिमाभिमुख, सुमारे १२४ फूट लांब आणि जवळपास दोन हजार वर्षांचा आहे. खालची दारे ठेंगणी आहेत आणि त्यांच्या वर घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रचंड खिडकी आहे. त्यामुळे दारातून शिरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर थेट उजेड येत नाही. तो त्याच्या डोक्यावरून जातो आणि टोकाच्या स्तूपावर पडतो. बाजूच्या रांगांतले खांब काळोखात राहतात. एवढा मोठा दगडी दालनभर अवकाश एकाच झरोक्याने सांभाळला आहे.

छताला लावलेल्या सागवानी फासळ्या मूळच्या आहेत. त्यांच्याकडे मान वर करून पाहताना काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की इथे वर एक जरी ढिला जोड राहिला आणि ठिणगी पडली, तर काय उरेल? जुन्या लाकडाजवळून तार नेऊच नये, हा त्यांचा नियम मी लिहून घेतला.

अजिंठ्यासारख्या चित्रांच्या जागी धोका आणखी वेगळा असतो. उजेडाची इजा साठत जाते. किती लक्स आणि किती तास, यांचा गुणाकार मोजला जातो, म्हणून संग्रहालयांत नाजूक रंगांसाठी ५० लक्सांची मर्यादा पाळतात. आमच्या मंदिरात चित्रे नाहीत, पण हा गुणाकार मला हवा होता. दिवा किती प्रखर, यासोबतच तो किती वेळ लागलेला असावा, हेही आराखड्यात लिहिले पाहिजे.

सहावा दिवस, ५ फेब्रुवारी : आमचे मंदिर

संध्याकाळी गुरवकाकांनी कुलूप काढून दिले आणि आम्ही सभामंडपातली आहे ती ट्यूबलाइट बंद केली. कोल्हापूरची समई त्यांच्या परवानगीने अंतराळात ठेवली, एक वात लावली आणि पंधरा मिनिटे काहीही न करता बसलो. हळूहळू छताच्या मधले कमळ दिसू लागले. कित्येक वर्षांच्या काजळीने ते काळे झाले आहे, तरी तिरप्या उजेडात पाकळ्यांच्या कडा उठून आल्या. समोरून सरळ पडणारा झोत हे कोरीवकाम सपाट करून टाकतो. बाजूने, दगडाला घासून गेलेला थोडासा उजेड ते जिवंत करतो. गुरवकाका रोज तिथे वावरतात. ते म्हणाले, “ताई, ह्ये फूल मी तीस वर्षांत नीट पाह्यलं नव्हतं.”

नवा आराखडा सतरा दिव्यांचा झाला आहे. गाभाऱ्यात नंदादीप तसाच राहील, आणि मूर्तीच्या मागे किंवा खाली एकही दिवा नसेल, कारण खालून आलेला उजेड देवाचा चेहरा उग्र करतो. दाराच्या चौकटीच्या आतल्या अंगाला, भाविकाच्या नजरेआड, २२०० केल्विनचा एकच मंद दिवा असेल आणि तो फक्त पूजेच्या वेळी लागेल. दगडात एकही भोक नाही. दिवे वजनदार पितळी बैठकीवर नुसते ठेवायचे, उद्या उचलले तर खूणही राहू नये. वायरमन काकांनी दोन गोष्टींवर हट्ट धरला : अभिषेकाचे पाणी जिथे वाहते तिथे चोवीस व्होल्टांपेक्षा जास्त वीज न्यायची नाही, आणि दिव्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर, विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारी आरसीसीबी, सगळे काही बाहेर गुरवांच्या खोलीत. मी दोन्ही मान्य केले. सभामंडपाच्या आढ्याला वटवाघळे आहेत, म्हणून वर तोंड केलेला एकही दिवा रात्री नऊनंतर चालू राहणार नाही.

उंबऱ्याचा प्रश्न मात्र त्या रात्री सुटला नाही. दिवा मागे ठेवला की माणसाची स्वतःचीच सावली पायरीवर पडते. समोर ठेवला की डोळ्यांत जातो. बाजूला, घोट्याच्या उंचीवर ठेवला तेव्हा पायरीची कड लख्ख दिसली आणि गाभारा होता तसाच राहिला. पण गुरवकाका म्हणाले की महाशिवरात्रीच्या गर्दीत तिथे कुणाचा तरी पाय लागणार आणि नारळही तिथेच फुटतात. जागा थोडी मागे, खांबाच्या पायाच्या खाचेत सरकवून पाहिली, तर उजेड अर्ध्याच पायरीवर पोहोचला. खडूने तिन्ही जागांच्या खुणा केल्या आहेत. महाशिवरात्रीला आम्ही दोघे पुन्हा जाणार आहोत, तोवर समई गुरवकाकांकडे राहील आणि त्या पायरीवर रोज संध्याकाळी तिची एक वात लागेल.